तापलेला फोन

नवऱ्याच्या फोनला हल्ली कधीही हात लावा, तो तापलेलाच. विचारलं की म्हणे, "अगं, नुसता पडून होता." नुसत्या पडलेल्या फोनला कुठला आलाय ताप? तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आज तो रात्रपाळीवरून येऊन गाढ झोपला, तशी ती त्याचा फोन घेऊन थेट दुरुस्तीच्या दुकानात गेली.

"दादा, हे एवढं कुणाशी बोलतात, तेवढं शोधून द्या."

दुकानदाराने मागचं झाकण उचकटलं आणि फोन चिमट्याने उचलून वाळूच्या बादलीत टाकला. "कुणाशी नाही हो, ताई. बॅटरी उशीसारखी फुगलीय. आज ना उद्या पेटलीच असती. कुठली बसवलीत?"

"रस्त्यावरची, स्वस्तातली. दोघांच्या फोनला एकाच दिवशी."

"मग तुमचाही दाखवा."

पर्सकडे गेलेला तिचा हात तिथेच थिजला. झोपेत तो कुणाचं नाव घेतो ते टिपायला तिने आपला फोन चार्जिंगला लावून त्याच्याच उशीखाली सरकवला होता. "तो घरी, यांच्या उशीखाली आहे. आणि हे गाढ झोपलेत," ती म्हणाली.

"आधी फोन करून उठवा त्यांना," दुकानदाराने आपला फोन पुढे केला.

नवऱ्याचा फोन वाळूत होता. आणि आपल्या फोनचा आवाज तिने निघताना स्वतःच्या हाताने बंद केला होता.