गोळ्यांच्या दोन बाटल्या

लिव्हरवरच्या चरबीसाठी आलेल्या नव्या औषधाची वर्षभर चाचणी चालली होती. निम्म्या बाटल्यांत खरं औषध, निम्म्यांत नुसत्या पिठाच्या गोळ्या. कुणाला काय मिळालंय, हे गोळ्या मोजून देणाऱ्या सिस्टरलाही ठाऊक नव्हतं.

चाचणीत एक नवरा-बायकोही होते. शेवटच्या तपासणीला काकू वजनकाट्याकडे गेल्या, तशी काकांनी खुर्ची पुढे ओढली. "सिस्टर, रागावू नका. माझं नशीब पहिल्यापासून जोरावर, खऱ्या गोळ्या मलाच मिळणार. म्हणून दर महिन्याला घरी पोचल्या पोचल्या मी आमच्या दोघांच्या गोळ्यांची अदलाबदल करायचो. तिला बरं वाटू दे."

सिस्टरने कपाळावर हात मारला. वर्षभराची मेहनत पाण्यात!

मग काका वजनाला गेले आणि काकू तिच्या कानाशी आल्या. "यांना सांगू नका हं. यांना जन्मात कधी साधी खिडकीची जागा मिळाली नाही, खऱ्या गोळ्या कुठून मिळणार? दर महिन्याला दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळीला गेले, की पहिली गोळी घ्यायच्या आधीच मी आमच्या गोळ्या बदलून ठेवायचे."

सिस्टरने डोळे पुसले आणि फॉर्मवर लिहिलं: दोघांनीही वर्षभर आपापल्याच गोळ्या घेतल्या.