नववी खुंटी

"दहापैकी किती?" बारकीनं गॉगल कपाळावर सरकवला आणि पेन्सिल सरसावली.

"सात," डोकं धरून बाबा म्हणाले. "नाही, साडेसात."

"अर्धा चालत नाही! डोकं आहे ते, घड्याळ नाही. सात की आठ?"

"बरं बाई, आठ!" घड्याळ दुरुस्त करणारे बाबा खो खो हसले. मग आठवल्यासारखे कण्हले.

दोन महिन्यांपूर्वी बापलेक एकाच आठवड्यात तापानं आडवे झाले होते. ताप गेला, डोकेदुखी मात्र मुक्काम ठोकून बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा ताप कधीकधी मागे डोकेदुखी ठेवून जातो, मनही कोमेजून जातं. रोजची नोंद ठेवा. बाबांना म्हणे अक्षरं दिसेनात, म्हणून वही बारकीकडे आली. वेळ, उजेड, आवाज, जेवण, मन. डोक्याच्या गुणांचा धरून सहा रकाने!

बारकीचं स्वतःचं काही विशेष नव्हतं. ती येत्या सोमवारी शाळेत जाणारच होती. गेले सात सोमवार जाणारच होती. आणि घरात गॉगल लावणं ही तिची स्टाईल होती.

"ही नववी खुंटी कायम रिकामी का हो?" तिनं भिंतीकडे बोट केलं. दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ बाबा आठवडाभर खुंटीला टांगायचे आणि ते रोज किती सेकंद चुकतं, ते एका काळ्या वहीत लिहायचे. त्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देणं नाही.

"आहे एक हट्टी काम. वेळ घेतंय."

"कुणाचं?"

"घरचंच. तू तुझा तपास कर, गुप्तहेरबाई."

दहा मिनिटांत बाबांनी डोळ्याला भिंग लावून तीळभर स्क्रू फिरवायला घेतलासुद्धा. आठ गुणांची डोकेदुखी असताना! बिचारे, दुखणं अंगावर काढतात, बारकीला भरून आलं. आज छडा लावायचाच.

वर खोलीत पडदे ओढून, एका फटीतल्या उजेडात तिनं महिन्याभराची पानं पसरली. चहा? निर्दोष. रस्त्यावरचे हॉर्न? निर्दोष. शेजारचा ड्रिल? त्या दिवशी तर शून्य! मग तिला आठवलं, त्या दिवशी खोलीत ड्रिलचा आवाज सहन होईना म्हणून ती दिवसभर खाली दुकानातच बसली होती.

तिची पेन्सिल थांबली.

तिनं एकेक तारीख पुन्हा तपासली. ती खाली असली की बाबांचं डोकं ठणठणीत. ती दोन तासांहून जास्त वेळ खोलीत पडून राहिली की खालून हाक आलीच, "बारके, वही आण गं, आलं बघ!"

म्हणजे गुन्हेगार सापडला होता. तिची काळजी करकरून बाबांचं डोकं फुटत होतं. तीच त्यांचं दुखणं होती.

पंधरा मिनिटांत तिची बॅग भरून झाली. मावशीकडे जायचं. डोळ्यांआड असलं की काळजी कमी. बाबा बरे होईपर्यंत परत यायचंच नाही, मग कितीही वर्षं लागोत. नाक ओढत ती जिना उतरली.

दुकानात कुणी नव्हतं. बाबा कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचं घड्याळ पोचवायला गेले होते. काळी वही टेबलावर उघडीच होती. निदान चिठ्ठी तरी लिहून ठेवावी म्हणून बारकीनं कोरं पान शोधलं, आणि बाबांच्या किरट्या अक्षरावर तिची नजर अडकली.

'खुंटी नऊ. सोमवार: अडीच तास अंधारात. हाक मारल्यावर आली. मन तीन.

बुधवार: न बोलावता खाली आली. मन पाच.

आज: गॉगल स्वतः वर केला. अर्ध्या गुणावरून माझ्याशी भांडली! मन सात. उद्याही माझं डोकं दुखायला हवं.'