खराब माल

कामरगावात मिक्सर-कुकरचं दुकान चालवणारे इस्माईलभाई सकाळच्या जीपनं वाशीमला आले आणि थेट धनराजच्या फ्लेक्सच्या दुकानात शिरले. बगलेतली गुंडाळी त्यांनी काउंटरवर आपटली.

"माल खराब निघाला. बदलून दे."

"चाचा, एकदा छापलेला फ्लेक्स आमी वापस घेत नाई."

"काहून नाई घेत? चूक तुही अन् भोगू मी? खराब माल वापस घ्याच लागते, गिऱ्हाइकाचा हक हाय तो! नाई तं ग्राहक मंचात केस टाकतो."

लग्नाचा फ्लेक्स न्यायला आलेली बाई म्हणाली, "बराबर बोलून राह्यले चाचा."

धनराज नरमला. "बरं, देतो बदलून. पण खराबी काय हाय?"

"कालपासून लोकं जुने मिक्सर अन् कुकर घेऊन माह्या दुकानासमोर लायनीत उभे हायेत, अन् तू खराबी इचारतं?"

इस्माईलभाईंनी गुंडाळी उलगडली. लाल, ठसठशीत अक्षरांत छापलं होतं : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार'.

"'जाणार'च्या पुढचं 'नाही' कुठं गेलं बे?"