अर्धी गोळी

प्रेरणाने केलेला बदल गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामचे बदल जिथे तपासून घेतात तिथे, सकाळपासून अजीमच्या मंजुरीसाठी थांबला होता, आणि बरोबर एक वाजता फोन जाणार होते. पडद्यावर दोनशे चौदा फाइलींची नावं लाल दिसत होती. लाल म्हणजे काढून टाकायच्या. सगळ्या फाइलींत एकच आवाज होता, कौसरचा. अजीमच्या बायकोचा.

लोणावळ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून मावळातल्या साडेतीनशे म्हाताऱ्या माणसांना रोज दुपारी आपोआप फोन जात, गोळ्यांची आठवण करून द्यायला. कौसर टाकवे बुद्रुकची. तिनं सगळं तिकडच्याच बोलीत बोलून ठेवलं होतं. "जेवला का? आता एक पांढरी गोळी घ्या. चुकवली तर मी रुसंन बगा!" डॉक्टरांना न जुमानणारी माणसं या रुसव्याला मात्र भ्यायची. ती जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसाव्याची फातिहाही होऊन गेली, तरी ती रोज एक वाजता बोलतच होती.

"अजीमभाई, साडेबारा झाले," प्रेरणा हळूच म्हणाली.

"अजून एकदा बघतो."

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाजे गावच्या रतनबाईंची गोळी डॉक्टरांनी परवा अर्धी केली होती. कौसरच्या आवाजात एक होती, दोन होत्या, सकाळची होती, जेवणानंतरची होती. अर्धी नव्हती. काल फोनने नेहमीसारखं "एक" सांगितलं, रतनबाईंनी इमानाने एक घेतली आणि गोठ्यात चक्कर येऊन पडल्या. गुडघा खरचटण्यावर निभावलं, एवढंच.

काल संध्याकाळी अजीमने कानाला हेडफोन लावून दोनशे चौदाच्या दोनशे चौदा फाइली ऐकल्या. कुठे तरी बोलण्याच्या ओघात ती 'अर्धी' म्हणून गेली असेल, तर तेवढाच शब्द कापून जोडता आला असता. अर्धी भाकरी म्हणाली असती तरी चाललं असतं. पण कौसर अर्ध्यावर भागवणारी बाई नव्हतीच.

नवा आवाज मशीनचा होता. त्याला कुठलीही गोळी सांगता येत होती, कुणाचंही नाव घेता येत होतं. प्रेरणाचं काम चोख होतं. त्यात एखादी चूक सापडावी म्हणून अजीमने तीनदा ओळन्‌ओळ वाचली, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

आपलं काम आपण मंजूर करायचं नाही, दुसऱ्याने बघितल्याशिवाय ते पुढे जाणार नाही, हा ऑफिसातला नियम कौसरनेच घातलेला. "आपलं ताक आंबट कोण म्हणतंय?" असं ती विचारायची. आवाजाच्या फाइलींना मंजुरी देणारे दोघंच होते, ती आणि तो. नवऱ्याचं काम परत पाठवताना तिला भारी गंमत वाटायची. पडद्याच्या कडेला दोघांची नावं अजून एकाखाली एक होती. तिचं काढायला कुणी धजावलं नव्हतं.

त्याने फाइलींचा जुना इतिहास उघडला. प्रत्येक नोंदीखाली तिनं काय बदललं ते लिहिलं होतं. 'खोकला आला म्हणून पुन्हा बोलले.' 'मागे कुकरची शिट्टी होती, आता नाही.' 'भाज्याच्या रतनबाईंना कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी जरा मोठ्याने.'

"हे सगळं मागे राहतंच ना," प्रेरणा म्हणाली. "पुसलं जात नाही काही. कधीही काढून ऐकता येईल."

हे तिला अजीमनेच शिकवलं होतं. तो मान हलवत राहिला. मग त्याने 'मंजूर' दाबलं. लाल नावं गेली. हिरवी खूण आली, आणि चार मिनिटांत नवा आवाज सर्व्हरवर चढला. तिचा आवाज उतरवायला चार मिनिटं पुरली, याचंच त्याला रडू आलं. त्याने ते खोकल्यावर नेलं.

एक वाजून सात मिनिटांनी ऑफिसचा फोन वाजला. तो सहसा वाजत नसे.

"आरं बाबा, म्या रतनबाई बोलती, भाज्याची. आत्ता कोन परकी बाई बोलत हुती?"

"आमचाच फोन होता, मावशी."

"ती म्हनली, अर्धी गोळी घ्या. म्या न्हाई घेतली. आमची रोजची पोरगी सांगंल तेवडीच घेनार. तिला दे फोन."

प्रेरणाने हातातलं काम थांबवलं. अजीमने डोळे मिटले.

"मावशी, तिनंच निरोप दिलाय. अर्धीच घ्या. एक घेऊन काल पडला होता ना?"

"तिला कळलं व्हय, म्या पडली ते?"

"हो."

"मंग तिचंच ऐकती बाई."

पलीकडे गोळी मोडल्याचा आवाज आला. तांब्या सरकला. अजीम फोन कानाला घट्ट धरून, घोट गिळल्याचं ऐकू येईपर्यंत थांबला.

"घेतली रं," रतनबाई म्हणाल्या. "पर म्या तर एक बी दिस चुकवली न्हाई. मंग ती का रुसली?"