अप्पांचा आकडा

"हा नव्हे." सीतारामरावांनी रंधा उलटा करून पाहिला आणि गोणीवर ठेवून दिला. "चांगला आहे. पण आमचा नव्हे."

रामस्वामीनं कपाळावर हात मारला. तमिळ मुलखातल्या कीळवासलच्या रविवारच्या जुन्या बाजारात तो लोखंड विकायचा. विजेवरची यंत्रं आल्यापासून सुतारांची जुनी हत्यारं गोण्या भरभरून त्याच्याकडे येत. इतर गिऱ्हाइकं ती वजनावर नेत. सीतारामराव मात्र टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून एकेक पातं पुसून भिंगाखाली धरत. कुठली पटाशी विलायती आणि लाकूड तासायचा कुठला वाकस कुंभकोणच्या लोहाराचा, हे ते बघताक्षणी सांगत. अशी ओळखलेली हत्यारं त्यांच्या घरात फळ्यांवर मावेनाशी झाली होती. हवी होती ती मात्र मिळत नव्हती.

हवी होती वडिलांची. एकोजीराव फणसाच्या लाकडाच्या वीणा घडवायचे. सीतारामराव रांगत होते तेव्हाच ते गेले आणि चुलत्यानं हत्यारं परस्पर फुंकून टाकली. आईनं लुगड्यात लपवली तेवढी एक बारीक पटाशी वाचली. तिच्या पात्यावर एक खूण ठोकलेली होती. वर वळसा, खाली बाकदार दांडा, टोपली टांगायला भिंतीत ठोकतात तसला आकडा.

"माझ्या प्रत्येक हत्यारावर माझा आकडा आहे, असें तुझे अप्पा म्हणायचे," आई सांगे. तिला अक्षरओळख नव्हती, पण नवऱ्याचा शब्द न् शब्द तिनं जपला होता. आता दृष्टी गेली होती. सगळी हत्यारं एकदा मांडीवर घेऊन चाचपायची, एवढीच तिची इच्छा उरली होती. सीतारामराव त्याच एका गोष्टीच्या मागे हात धुऊन लागले होते.

"सार, ऐका तरी," रामस्वामी तमिळमध्ये म्हणाला. "भोगी आली. लोक जुनं बाहेर काढतायत. ही अख्खी गोणी एका घरातली आहे. वास घ्या, फणसच आहे."

सीतारामरावांनी रंधा पुन्हा उचलला. मूठ घासून गुळगुळीत झाली होती आणि त्यांच्या पंजात नेमकी बसली. त्यांनी भिंग लावलं. पात्यावर पिळ्ळैयार सुळी होती. कागदावर काहीही लिहिण्याआधी तमिळ माणूस गणपतीच्या नावानं काढतो ती खूण, वर वळण आणि खाली आडवी शेपटी.

"कुणा तमिळ आसारीचा, सुताराचा असणार," ते म्हणाले.

"मग हा वाकस?"

वाकसावर माणसाच्या कानासारखं काहीतरी होतं. काटकोन बघायच्या गुण्यावर शेपटी वर केलेला मासा. करवतीवर गोगलगाय.

सीतारामराव हसले. "एका घरातली म्हणे! अरे, कारागिराची खूण एकच असते. इथं दर हत्याराची वेगळी. गावभरचा कचरा एका गोणीत भरून मला शेंडी लावतोस?"

"तुमची मर्जी. उद्या लॉरी सेलमला जाते, भट्टीवर. मग मला विचारू नका."

"नाही विचारणार."

घरी पाय ठेवताच आतून आवाज आला. "सीताराम, मिळालें कां रे?"

"नाहीं अम्मा. पुढच्या रविवारी बघतों."

स्वयंपाकघरात सरोजाबाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "त्यांना दिसत नाहीं. फळीवरचा एखादा रंधा द्या हातांत. म्हातारा जीव सुखानें जाईल."

"जिनें साठ वर्षें वाट पाहिली, तिला खोटें द्यायचें?" सीतारामरावांचा आवाज चढला. "आकडा असेल तरच देईन. नाहींतर नाहीं."

पोंगलला मुलगा गिरीश पुण्याहून आला. सोबत नवी सून कविता. ती पुण्याचीच. तिचं मराठी घरातल्यांना फार वेगात पळणारं वाटे आणि यांचं मराठी ऐकून तिला हसू फुटे. लग्नाची मराठी पत्रिका आली तेव्हा या घरात ती कुणालाच वाचता आली नव्हती. गणपती सरळ दिसेल अशी धरून सगळ्यांनी नमस्कार केला होता. गिरीशनं ते सांगितल्यावर कविता पोट धरून हसली. सीतारामरावही हसले. घराण्याच्या कित्येक पिढ्या इथेच गेलेल्या; शाळा तमिळ, नोकरी इंग्रजी, मराठी उरलं होतं ते जिभेवर. अप्पांना म्हणे राजवाड्यातल्या पंतोजींनी लिहायला शिकवलं होतं, पण ते शिक्षण त्यांच्याबरोबरच गेलं.

जेवणं झाल्यावर आईनं नातसुनेला जवळ बोलावलं आणि उशाखालची पटाशी काढून तिच्या हातात ठेवली.

"तुझ्या आजेसासऱ्याची, कण्णा. बाकीचीं अजून सांपडलीं नाहींत. पण सीताराम सोडणार नाहीं. आकडा बघून आणील."

"शोधणारच," सीतारामराव म्हणाले. "असल्या आकड्याचें दुसरें हत्यार या बाजारांत कधीं आलें नाहीं. आलें कीं माझ्या नजरेंतून सुटायचें नाहीं."

कवितानं पटाशी खिडकीपाशी नेली. पदरानं पातं पुसलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

"असल्या आकड्याचं दुसरं कसं मिळेल, बाबा?" ती म्हणाली. "हा मराठीतला एक आहे. तुम्ही दोन, तीन, चार शोधा ना!"