शेऱ्यांचा रकाना

शारजातील पाच महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतले संगणक नव्या प्रणालीवर नेणे, हे निवृत्तीपूर्वीचे माझे शेवटचे काम होते. नव्या प्रणालीत वाचकांविषयीच्या शेऱ्यांना रकाना नव्हता. ते पुसायचे होते. “अंबादासभाई, बाकी खलास करा, माझे शेरे ठेवा,” मीही जिथला जुना वाचक, त्या ग्रंथालयाच्या ग्रंथपाल मोझाबाई काकुळतीने म्हणाल्या. “वीस वर्षं जोडलेली माणसं आहेत त्यांत.” “मॅडम, जागाच नाही,” म्हणत मी यादी चाळली. एका विद्यार्थिनीपुढे होते: ‘रात्रपाळी करते, मुदत वाढवावी.’ खाली माझेच नाव: ‘पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी उपाशी असतात, मागत काही नाहीत. खजूर ठेवावेत.’ दर संकष्टीला माझ्यापुढे येणारी बशी मी इथला रिवाज समजत होतो. आजही ती समोर होती. पुसणारा हात थांबला. “मॅडम, आठवडा द्या. रकाना मी घडवतो.” “इन्शाल्ला, पण आधी खा,” बशी उचलून त्या म्हणाल्या. मी ओंजळ पुढे केली.