बंद पोटाची गिटार

"झाकणाला दहा स्क्रू?" डॉयल केम्प गुडघे टेकून, पायांवर टेबलासारख्या आडव्या मांडलेल्या गिटारच्या खाली डोकावत म्हणाला. "आत काय पुरून ठेवलंय, मिस्टर पीच?"

"धूळ फार जाते हो," लूथर पीच म्हणाला आणि मान फिरवून तारा पुसायला लागला.

धूळ म्हणे! अख्ख्या टेक्सासात स्टील गिटारवाला दुसऱ्याची स्टील गिटार दिसली की आधी तिच्या खाली शिरतो. कुठलं पेडल कुठली सळई ओढतं, कुठली सळई कुठल्या तारेचा सूर चढवते, हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आणि गिटार घरी बनवलेली असेल तर मालकच गळ्यात पडून पोट दाखवतो, पुरे म्हटलं तरी थांबत नाही. या बाबाने पत्रा ठोकून पोटच बंद केलेलं!

बाकी ध्यान बघण्यासारखं होतं. अंग चर्चच्या जुन्या बाकाचं, पाय पियानोच्या स्टुलाचे. शिलाई मशीनची पायाखालची जाळी कापून केलेली तीन पेडलं. झाकणाचा पत्रा पेट्रोल पंपावरच्या पाटीचा, त्यावर अर्धी अक्षरं तशीच.

"वाजवणार आहेस की पडदे शिवणार आहेस?" बँडच्या ड्रमवाल्याने विचारलं. सगळे खो खो हसले.

मग लूथर बसला आणि त्याने तारांवर पोलादी कांडी ठेवली. एक सूर जागचा हलला नाही, दुसरा अलगद वर चढत गेला. हसणाऱ्यांची तोंडं मिटली. बँडचा मालक आल्विन हरुस्का हातातलं फिडल खाली ठेवून ऐकत राहिला.

"हाच! रेडिओवर लागतो तो पेडलचा सूर हाच!" तो डॉयलच्या कानाशी लागला. "पण हा बुवा मला जरा लबाड वाटतो. तू नीट बघ आणि हो की नाही ते सांग. पेडल हवं म्हणजे हवं. नुसत्या हाताने वाजवणाऱ्याला आता कुत्रं विचारत नाही."

डॉयलला वेगळं सांगायला नको होतं. लूथर बसला होता ती खुर्ची डॉयलचीच होती. गेल्या हंगामात सरकी काढायच्या यंत्राने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली, तेव्हापासून ती रिकामी पडलेली. तिच्यावर कुणी सोम्यागोम्या बसलेला त्याला चालणार नव्हता. आणि खरं सांगायचं तर कुणीच बसलेला चालणार नव्हता. शिवाय हा माणूस हाताकडे बघू देत नव्हता. डॉयल जरा बाजूला सरकला की याचा खांदा आडवा आलाच.

दुपारी सगळे झाडाखाली सॉसेज खायला गेले. डॉयल मागे राहिला, त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि चोरासारखा गिटारखाली शिरला. दहावा स्क्रू निघाला तसा पत्रा त्याच्या छातीवर आला.

आत काहीच नव्हतं.

म्हणजे तीन सळया होत्या. पेडलावरून निघून वर लाकडापर्यंत येत होत्या आणि तिथे ठोकलेल्या एकेका स्प्रिंगला टेकून संपत होत्या. तारेपर्यंत एकही पोचली नव्हती. डॉयलने हाताने पेडल दाबलं, वर हात घालून तार छेडली. पेडल सोडलं, पुन्हा छेडली. सूर तोच.

"सापडलास, बेट्या!" तो पडल्या पडल्याच म्हणाला.

आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मघाचा तो सूर पेडलाने चढवलाच नव्हता. कांडी तिरकी करत, करंगळीने मागून तार ओढत त्या माणसाने तो नुसत्या हाताने चढवला होता. दहा बोटं शाबूत असताना डॉयलला हे कधी जमलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी डॉयल तीन पेडलांची गिटार घेऊन या हॉलमध्ये आला, तेव्हा नुसत्या हाताने वाजवणाऱ्या म्हाताऱ्या एमेटला हरुस्काने त्याच दिवशी घरी बसवलं होतं. डॉयलला तेव्हा काही वाटलं नव्हतं. आज लाज वाटली, चांगलीच वाटली.

पत्रा जागेवर धरून त्याने स्क्रू पिळायला घेतले. शेवटचे दोन राहिले होते तेवढ्यात हरुस्का आला, तोंडात घास तसाच.

"उघडलीस? काय निघालं?"

मागे दारात लूथर उभा होता. डॉयलच्या हातातला स्क्रूड्रायव्हर बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली.

"भलतंच गुंतागुंतीचं काम आहे," डॉयल स्क्रू पिळत म्हणाला. "माझ्या बापालाही उमगायचं नाही."

"पण पेडलं चालतात ना?"

"तू कानांनी ऐकलंस ना? मग?"

"मग झालं तर!" हरुस्काने लूथरची पाठ थोपटली. "सातला सुरू करायचं. पांढरा शर्ट घाल, बाबा." आणि तो उरलेलं सॉसेज संपवायला निघून गेला.

लूथर हळूच येऊन खुर्चीवर बसला. डॉयल गुडघे झटकत उठला आणि त्याच्या कानाशी वाकला.

"मधलं पेडल तुम्ही सूर चढल्यावर दाबताय," तो म्हणाला. "आधी दाबत जा. लोक बघत असतात."